जीपच्या हेडाची खटखट

मी एका जीपच्या इंजिनाचं हेड बोलतोय. आता मी त्या जीपवर नाही. अणदूरला हायवेच्या कडेला उमाशंकर मिस्त्रींचं गॅरेज आहे, त्याच्या दाराशी पत्र्याखाली मी पडून असतो. येणारेजाणारे माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात. बांधू देत. माझं दुःख ते नाही.

हेड म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिनाचा खालचा जड भाग म्हणजे ब्लॉक. त्याच्यात पिस्टन वरखाली पळत असतात. त्या ब्लॉकच्या डोक्यावर घट्ट आवळून बसवतात तो मी. हवा आणि पेट्रोल माझ्या वाटांनी आत येतं, माझ्या पोटातल्या खळग्यांत पेटतं आणि जळलेला धूर माझ्याच दुसऱ्या वाटांनी बाहेर पडतो. गाडीत जी काही ताकद असते, तिचा जन्म माझ्या पोटात होतो म्हणा ना.

माझा स्वतःचा जन्म कोल्हापूरकडच्या एका लहानशा फाउंड्रीत झाला. मी गाडीच्या कंपनीनं बनवलेलं हेड नव्हे. जुन्या मोठ्या इंजिनांचे शौकीन लोक असतात, त्यांना गाडी जास्त ताकदीनं पळवायची असते. त्यांच्यासाठी मला बाहेर बनवलं गेलं. वितळलेलं ॲल्युमिनियम वाळूच्या साच्यात ओतलं, मी थंड झालो, मग मशीनवर माझं अंग घासूनपुसून सपाट केलं. माझ्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, जिथं टेकतात तिथं पोलादी कड्या ठोकून बसवल्या, कारण माझं अंग मऊ. लोखंडी हेडापेक्षा मी वजनाला निम्म्याहूनही हलका होतो आणि उष्णता पटकन सोडून देत होतो. पण लोखंडापेक्षा मी जास्त फुगतो आणि फार तापलो तर वाकतो. हे गुणदोष माझ्या जातीचेच.

माझ्याबरोबर त्याच इंजिनासाठी आणखी एक हेड बनलं होतं. दिसायला आम्ही सारखे. त्याच्या वाटा बारीक होत्या आणि पोटातले खळगे खोल. माझ्या वाटा रुंद आणि खळगे उथळ. सपाट रस्त्यावर सुसाट पळणाऱ्या गाडीसाठी मी, आणि चिखलातून, चढावरून ओढत नेणाऱ्या गाडीसाठी तो. आम्ही दोघंही सोलापूरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेले होतो, तेव्हा उमाशंकर मिस्त्री त्यांच्या मुलीला घेऊन आले.

उमाशंकर मिस्त्रींचं वय पन्नाशीच्या पुढचं. अंगानं सडपातळ, कपाळावर भस्माचे पट्टे, बोटांच्या पेरांत कधीच न निघणारं काळं. मुलगी श्रीदेवी. तुळजापूरला इंजिनाचंच शिकून ती वडिलांच्या गॅरेजात काम करायला लागली होती. तिचं काम चांगलं होतं, पण तिच्या हातात पाना दिसला की गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठं गेले?" ती सांगायची, मीच बघते. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "असू दे, थांबतो मी."

लष्कराच्या लिलावातून आणलेली एक जुनी सहा सिलेंडरची पेट्रोल जीप त्यांच्याकडं होती. तिचं लोखंडी हेड चिरलं होतं. गावच्या जत्रेनंतर अणदूरजवळच्या माळावर जीपच्या शर्यती व्हायच्या होत्या. पाणी मारून चिखल केलेल्या चढावर जीप चढवायची शर्यत. तिथं श्रीदेवी जीप चालवणार होती. सगळ्या तालुक्यानं तिला बघावं, मग तिच्या हातात पाना दिसल्यावर कुणी काही विचारणार नाही, असं दोघांच्याही मनात होतं. मिस्त्रींना पुढं गॅरेज तिच्याच हाती द्यायचं होतं.

"अप्पा, हे घेऊ या," श्रीदेवी त्या दुसऱ्या हेडावर हात ठेवून म्हणाली. "ह्याच्या वाटा बारीक आहेत. आपल्याला चिखलात ओढायचंय. इंजिन हळू फिरतानाच दम पाहिजे."

उमाशंकर तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. माणूस मुलीचं किती लक्ष देऊन ऐकतोय, असं मला वाटलं.

"बारीक वाटंनं काय यायचं?" ते म्हणाले आणि माझ्या एका वाटेत तीन बोटं घालून त्यांनी तिला दाखवली. "हे बघ. असा श्वास घेतंय हे. मोठ्या इंजिनाला मोठंच नाक पायजे."

"पण ह्याचं पोट किती उथळ आहे बघा. दाब लई वाढंल."

"दाब वाढला तर ताकद वाढंल. टायमिंग मी लावतो की. कानानं लावतो."

टायमिंग म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी नेमकी कधी पडायची ती वेळ. मिस्त्रींचा कान सगळ्या भागात नावाजलेला होता. हायवेनं ट्रक येत असला तर चहा पिता पिता ते सांगायचे की ह्याचा अमुक सिलेंडर मार खातोय, नीट पेटत नाहीये, आणि ड्रायव्हरनं थांबून बघितलं तर तसंच निघायचं. श्रीदेवी लहानपणापासून हे बघत आली होती. तिनं मग आपलं म्हणणं सोडून दिलं. नमुन्याला आणलेलं जुनं लोखंडी हेड पिकअपमध्ये चढवायला ती बाहेर गेली.

दुकानदार माझ्यासाठी गॅसकेट शोधायला पाठ फिरवून फळीकडं वळला. गॅसकेट म्हणजे ब्लॉक आणि हेडाच्या मधला पातळ पडदा. आग आणि पाणी आपापल्या जागी ठेवायचं त्याचं काम.

"मिस्त्री, हे घेताय तर गॅसकेट जाड लावा," तो फळीकडंच तोंड करून म्हणाला. "पातळ लावलं तर साध्या पेट्रोलवर ठोकणार बघा हे. जाड गॅसकेट चार दिवसांनी येईल. थांबता का?"

"व्हय, व्हय," उमाशंकर म्हणाले. "काय हाय ते द्या बांधून."

दुकानदार वळला. त्यानं मिस्त्रींकडं जरा नवलानं बघितलं. एवढ्या नावाच्या मिस्त्रीला आपण काय शिकवायचं, असं त्याला वाटलं असावं. त्यानं पातळ गॅसकेट कागदात गुंडाळून दिलं.

तिथं मला पहिल्यांदा शंका आली. ह्या माणसानं प्रश्न ऐकलाच नव्हता. दुकानदाराचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून त्यानं फक्त अंदाजानं होकार दिला होता. हे कळलेला तिथं मी एकटाच होतो, आणि मला कुठं बोलता येतं.

अणदूरला आल्यावर त्यांनी मला बसवलं. त्यांचे हात बघण्यासारखे होते. ब्लॉक त्यांनी आरशासारखा पुसला. माझे बोल्ट मधून सुरुवात करून कडेपर्यंत, थोडे थोडे करत फेऱ्याफेऱ्यांनी आवळले, म्हणजे मी कुठं वाकू नये. इंजिन एकदा तापवून, पूर्ण गार होऊ देऊन, पुन्हा एकदा सगळे बोल्ट आवळून बघितले. हात कुठंच चुकत नव्हते.

गॅरेजच्या मागंच त्यांचं घर. दुपारी त्यांच्या बायकोनं, रुद्रम्मांनी, दारातून हाक मारली, "ओ, जेवायला या." उमाशंकर माझ्यावर वाकलेले. पुन्हा हाक आली. मग तिसऱ्यांदा. शेवटी रुद्रम्मांनी ताट आणून स्टुलावर ठेवलं. भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटी. ठेवताना ताटाचा आवाज जरा मोठाच झाला. तरी ते वळले नाहीत.

"वरीस झालं असंच चाललंय," रुद्रम्मा श्रीदेवीला म्हणाल्या. "मी बोलले की ह्यांची पाठ. काय केलंय मी, ते तरी सांगावं माणसानं."

"कामात असतात गं अव्वा."

"तुझ्याशी कामात बी बोलतात. गिऱ्हाइकाशी बोलतात. मला बघितलं की मुकं होतात."

त्या डोळे पुसत आत गेल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, ते पाठ फिरवत नाहीत, तुम्ही त्यांच्या पाठीमागून बोलता आहात. एकदा समोर येऊन उभ्या राहा. पण मी बोल्टांनी आवळलेला होतो, आणि इंजिन बंद होतं.

इंजिन चालू झालं की मात्र मला आवाज होता. एकच आवाज. खळगे उथळ, त्यात पातळ गॅसकेट, त्यामुळं पेट्रोल माझ्या पोटात नको तेवढं दाबलं जायचं आणि वेळेआधीच भडकायचं. पिस्टन वर येत असतानाच वरून घणाचा घाव बसल्यासारखं व्हायचं. तेव्हा टणटण, खटखट असा बारीक आवाज निघतो. मिस्त्री लोक त्याला नॉकिंग म्हणतात. माझ्या दृष्टीनं ती हाक होती. टायमिंग मागं घ्या, मला उघडा, काहीतरी चुकलंय. गाडीवर भार आला की मी हाका मारायचो.

नळदुर्गच्या बाजूला एक लांब चढ आहे. पहिल्याच दिवशी उमाशंकर जीप घेऊन एकटेच तिथं गेले. चढ लागला, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि मी खटखटायला लागलो. मला वाटलं, आता हे पाय काढतील. ह्यांचा कान तर सगळ्या भागात नावाजलेला. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. मग हसून स्टिअरिंगवर थाप मारली. "झकास," ते स्वतःशीच म्हणाले.

तेव्हा मला पक्कं कळलं. आयुष्यभर इंजिनांच्या जवळ कान नेऊन नेऊन त्यांचा कान गेला होता. सगळा गेला नव्हता. जाड, घुमणारे आवाज त्यांना येत होते. सायलेन्सरचा घोगरा आवाज, ट्रकचा हॉर्न, समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं भरदार बोलणं. बारीक, तीक्ष्ण आवाज तेवढे गळून पडले होते. आणि माझा आवाज बारीक होता.

श्रीदेवी दुसऱ्या दिवशी सरावाला जीप घेऊन गेली आणि लगेच परत आली.

"अप्पा, चढावर खटखट येतीय. डब्यात खडे हलवल्यावाणी."

"टॅपेटचा आवाज हाय तो," उमाशंकर म्हणाले. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा दट्ट्या, तो सैल असला की टकटक करतो. "नवीन हेड हाय. बसंल."

"टॅपेटचा नाही वाटत. भार दिला की येतो, सोडला की जातो. तुम्ही चला ना."

ते तिच्या शेजारी बसले. चढावर तिनं मुद्दाम गाडी दाबली. मी जिवाच्या आकांतानं खटखटलो. "हे. आता. ऐकलं?" ती म्हणाली आणि वडिलांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

उमाशंकरांनी तिच्याकडं बघितलं. तिला काहीतरी ऐकू येतंय, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आपल्याला येत नाही, हेही कळत होतं. त्यांच्या समोर डॅशबोर्डच्या पत्र्याची कड होती, तिच्यावर त्यांची बोटं नुसतीच फिरत राहिली.

"टॅपेटच," ते म्हणाले.

संध्याकाळी श्रीदेवीनं पाना घेतला. टायमिंग थोडं मागं घेण्यासाठी एकच नट ढिला करायचा होता. तिनं तो पाना नटावर ठेवलासुद्धा. माझ्या सगळ्या अंगात आशा आली. तेवढ्यात दाराशी सावली पडली. उमाशंकर उभे होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, ती भांडली असती.

"माझ्या कानावर भरवसा न्हाय व्हय तुझा?" एवढंच त्यांनी विचारलं.

गिऱ्हाइकं तिच्यावर जसा भरवसा ठेवत नव्हती, तसंच आपण वडिलांशी वागतोय, असं काहीतरी तिला वाटलं असेल. तिनं पाना खाली ठेवला.

शर्यतीच्या दिवशी माळावर जत्रेसारखीच गर्दी होती. भज्यांच्या गाड्या, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, कर्णा लावलेला टेम्पो. टँकरनं पाणी मारमारून काळ्या मातीचा चढ लोण्यासारखा केला होता. दोन्ही बाजूंना दोर बांधून लोकांना लांब ठेवलं होतं. दोराच्या आत फक्त मिस्त्री लोकांना परवानगी होती. चढाच्या एका अंगाला मातीचा उंच ताल, म्हणजे बांध होता. उमाशंकरांचे जुने दोस्त माणिकप्पा हातात झेंडा घेऊन खाली उभे होते. नळदुर्गला त्यांचं लेथचं दुकान आहे, आणि शर्यत भरवणाऱ्या मंडळींत ते होते.

कर्ण्यावर नाव पुकारलं, "श्रीदेवी उमाशंकर, अणदूर." लोकांत कुजबुज झाली. मग शिट्ट्या झाल्या.

पहिल्या फेरीत ती चढली. खरं तर तिनं जीप चढवली, मी नुसता त्रास दिला. खालच्या वेगात माझ्या रुंद वाटांतून हवा आळसटल्यासारखी यायची, इंजिनात दम यायचा नाही. मग ती जास्त दाबायची, चाकं जागेवर फिरायची, आणि दाबलं की मी खटखटायचो. तरी तिनं स्टिअरिंग डावीउजवीकडं हलवत चाकांना पकड शोधून दिली आणि जीप माथ्यावर नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उमाशंकरांनी उपरणं हवेत फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते बघून मला माझ्या खटखटीचीच लाज वाटली.

पण त्या फेरीनं माझं काम बिघडलं होतं. मी फार तापलो होतो. मधल्या दोन सिलेंडरांच्या मध्ये गॅसकेटची अगदी चिंचोळी पट्टी असते, ती जळायला लागली होती. मी मधोमध किंचित वाकलो होतो. दुसऱ्या फेरीच्या आधी श्रीदेवीनं तापमानाचा काटा बघितला आणि म्हणाली, "अप्पा, लई तापलंय. थांबू या का?"

हेल्मेटमधून ती बोलत होती. तोंड झाकलेलं होतं. उमाशंकर हसून म्हणाले, "व्हय, व्हय. जा. मी पाणी घेऊन येतो वर."

दुकानातलाच तो होकार. श्रीदेवीला वाटलं, अप्पांनी ऐकून सांगितलं. तिनं गिअर टाकला.

चढाच्या मध्यावर मी शेवटची हाक मारली. एकदा टण झालं, मग फट्दिशी पट्टी फुटली. माझ्यातलं पाणी सिलेंडरमध्ये शिरलं, बाजूनं वाफेचा लोट निघाला आणि इंजिन जागेवर बंद पडलं.  श्रीदेवीनं ब्रेक करकचून दाबला. चाकं थांबली, पण जीप थांबली नाही. त्या लोण्यासारख्या मातीवरून ती थांबलेल्या चाकांनिशी मागं घसरायला लागली.

खाली, आमच्या बरोबर मागं, उमाशंकर होते. ते आमच्यामागं चढायला लागले होते, पण पाण्याचा कॅन खालीच राहिला म्हणून तो आणायला उतारावरून परत खाली चालले होते. त्यांची पाठ आमच्याकडं.

"अप्पा," श्रीदेवी ओरडली. "अप्पा, बाजूला व्हा."

माणिकप्पा झेंडा टाकून ओरडत पळत सुटले. दोराच्या पलीकडची सगळी माणसं ओरडत होती. बाया किंचाळत होत्या. कर्णा वाजत होता तो त्या सगळ्यावर. उमाशंकर आपल्या चालीनं चालले होते. त्यांनी चप्पलेचा चिखल एका दगडाला पुसला.

मी इंजिनाचं हेड. बंद इंजिनाच्या हेडाला आवाज नसतो. आणि असता तरी ज्यांना तो ऐकवायचा, त्यांना तो पोचत नव्हता. इतकं परावलंबी मला त्याआधी आणि त्यानंतर कधीच वाटलं नाही.

श्रीदेवीनं तेव्हा जे केलं ते करायला छाती लागते. तिनं ब्रेकवरचा पाय काढला. चाकं थांबलेली असली की जीप वळत नाही, फिरायला लागली की वळते. जीपनं मागं एकदम वेग घेतला आणि तिनं सगळं स्टिअरिंग तालाच्या बाजूला फिरवलं. समोरच्या लोकांची उघडी तोंडं बघून उमाशंकर त्याच क्षणी वळले. जीप त्यांच्या अंगाजवळून गेली, तालावर आदळली आणि एका कुशीवर पडली.

मी चिखलात आडवा. माझ्यातून उरलेलं पाणी ठिबकत होतं. माणसं धावली. त्यांनी श्रीदेवीला बाहेर काढून तालाला टेकवून बसवलं. तिचा डावा हात कोपराच्या खाली मोडला होता. ती रडत नव्हती. हेल्मेट काढून ती वडिलांकडं बघत होती. दवाखान्याची गाडी येईपर्यंत उमाशंकर तिच्यासमोर चिखलात बसून राहिले.

"अप्पा, मी हाक मारली."

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सगळे ओरडत होते. तुम्हाला आली नाही ऐकू?"

त्यांनी आपल्या कानाला हात लावला. मग म्हणाले, "न्हाय."

"कधीपासून?"

"कळलं न्हाय बाई. हळूहळू गेलं. पहिल्यांदा पाखरांचं गेलं. म्या म्हणलं, पाखरंच कमी झालीत."

माणिकप्पा मागं उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. श्रीदेवीनं चांगला हात पुढं करून वडिलांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि मग मात्र दोघंही रडले.

जीप ओढून गॅरेजात आणली. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून श्रीदेवी स्टुलावर बसली आणि उमाशंकरांनी मला उघडलं. एका पिस्टनला भोक पडलं होतं. गॅसकेट मध्ये जळून काळं झालेलं. तिनं त्याचा तुकडा चिमटीत धरून त्याची जाडी बघितली, फोन उचलून सोलापूरच्या दुकानदाराशी बोलली, आणि फोन ठेवला. त्यानं काय सांगितलं, ते तिनं वडिलांना सांगितलं नाही. पण ते तिचं तोंड बघत होते. त्यांना कळलं असणार.

रुद्रम्मा दारात उभ्या होत्या. दवाखान्यातून आल्यापासून त्या घरात कुणाशी बोलल्या नव्हत्या. आता त्या आत आल्या, नवऱ्याला वळसा घालून त्यांच्या बरोबर समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजे मी बोलायची ते तुमाला ऐकूच येत नव्हतं?"

"तुझा आवाज बारीक हाय," उमाशंकर म्हणाले. "तोच आधी गेला."

रुद्रम्मा टायरवर बसल्या. पदराचं टोक त्यांच्या हातात होतं, ते त्या उगीच पिळत राहिल्या.

"मला वाटलं, तुमाला माझ्याशी बोलायचं न्हाय."

"न्हाय गं."

"मला तरी सांगायचं."

"मिस्त्रीचा कान गेला म्हणल्यावर गाडी कोण आणंल इथं? आन् तुला सांगितलं असतं तर तू पोरीला सांगितलं असतंस."

"व्हय. सांगितलं असतं," रुद्रम्मा म्हणाल्या. "आन् आज तिचा हात धड असता."

उमाशंकरांनी श्रीदेवीच्या प्लास्टरकडं बघितलं.  माझ्या पोटात जे घडत होतं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग काय? मला त्या दुकानात निवडलं तेव्हा कुणी विचारलं नाही, आवळलं तेव्हा विचारलं नाही. मी चांगला होतो की वाईट, हा प्रश्नच नव्हता. मी ह्या कामाचा नव्हतो. एखाद्या सपाट रस्त्यावर, योग्य गॅसकेट घालून, मी कुणाचं तरी नाव काढलं असतं.

ह्या गोष्टीला आता काही महिने झालेत. श्रीदेवीचा हात जुळलाय, पूर्ण सरळ होत नाही. जीपवर दुसरं हेड बसलंय. टायमिंग ती कानानं नव्हे, ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या यंत्रानं लावते. गॅरेजात गाड्या कमी येतात. शर्यतीच्या दिवशीची गोष्ट पसरली तेव्हा काही जण मिस्त्रींना टाळून नळदुर्गला जायला लागले, आणि काही जण मुद्दाम श्रीदेवीकडं यायला लागले. हिशेब बरोबर जुळलाय असं मी म्हणणार नाही.

उमाशंकरांनी कानाचं मशीन घेतलं. पहिले काही दिवस ते काढूनच ठेवत होते. पाना खाली पडला तरी दचकायचे, म्हणायचे की डोक्यात सुया टोचतात. पण रुद्रम्मा जेवायला वाढताना समोर बसून सांगायच्या, "घाला ते," आणि ते घालायचे. मग सवय व्हावी म्हणून ते गॅरेजभर फिरत लहान हातोडी घेऊन एकेका वस्तूवर हळूच मारून बघायला लागले. पिंप, घमेलं, रिम, जॅक. प्रत्येकाचा आवाज नव्यानं ओळखीचा करून घेत होते.

काल सकाळी ते माझ्यापाशी आले. मांडी घालून बसले. धडधाकट हेडावर हातोडी मारली तर घंटेसारखा आवाज निघतो आणि थोडा वेळ घुमत राहतो. त्यांनी माझ्यावर हळूच मारली. थप, एवढाच आवाज आला, मडक्यासारखा. त्यांनी कान जवळ आणला, पुन्हा मारली. जागा बदलून पुन्हा.

"चिरलंय हे," ते म्हणाले. "आतून. दोन व्हॉल्व्हच्या मधी."

"कशावरून?" श्रीदेवीनं आतून विचारलं. माझी ती चीर कुणालाच दिसलेली नव्हती.

"आवाज आला," उमाशंकर म्हणाले.

ते बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसून राहिले. त्यांनी मला ऐकलं ते हे पहिल्यांदा. ऐकलं तेव्हा माझ्यात ऐकण्यासारखं एवढंच उरलं होतं.

मला आता दुरुस्ती नाही. भंगारवाल्याचा टेम्पो आठवड्याला येतो, आज ना उद्या मी त्यात चढेन. जाण्याआधी तुम्हाला एवढंच विनवतो. तुमच्या घरात हाक मारूनही कुणी वळत नसेल, तर ते माणूस तुटलं असं ठरवून ताट आपटू नका. समोर जाऊन उभं राहा. आणि कधी तुम्हालाच पाखरं कमी झाल्यासारखी वाटली, तर लाज धरू नका, जवळच्या कुणाला तरी सांगा. मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.